शब्दचर्चा: स्टिरॉइड आणि हार्मोन, दोन्ही एकच का?

प्रश्न: मुलीला दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप दिलाय. घरातले म्हणतात जिमवाली मुलं घेतात तेच हे, बंद कर. आणि टेस्टोस्टेरॉनलाही स्टिरॉइडच म्हणतात ना? मग हार्मोन, संप्रेरक, स्टिरॉइड या सगळ्याचा अर्थ एकच आहे का?

उत्तर: नाही, आणि आधी हे सांगतो की कुणाच्या सांगण्यावरून पंप बंद करू नका, जे काय विचारायचं ते डॉक्टरांना विचारा. आता शब्दाचं.

हार्मोन हे कामाचं नाव आहे. ग्रंथीतून रक्तात उतरायचं आणि लांबच्या अवयवाला निरोप द्यायचा, हे काम जे रसायन करतं ते हार्मोन. हा शब्द १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी वापरात आणला, मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ चेतवणे, चालना देणे, त्यामुळे आपला संप्रेरक त्याला अगदी चपखल बसतो. स्टिरॉइड हे मात्र घडणीचं नाव. कार्बनची चार कडी एकमेकांना जोडलेली, तीन षटकोनी आणि एक पंचकोनी, असा सांगाडा असला की ते स्टिरॉइड, मग शरीरात त्याचं काम काहीही असो. म्हणून इन्सुलिन हार्मोन आहे पण स्टिरॉइड नाही, कोलेस्टेरॉल त्याच सांगाड्याचं आहे पण हार्मोन नाही, आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही आहे.

खरी गंमत पुढेच आहे. शरीर ही सगळी स्टिरॉइड हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासूनच बनवतं. कोलेस्टेरॉलमध्ये कार्बनचे २७ अणू, ते छाटत छाटत प्रोजेस्टेरॉनमध्ये २१, टेस्टोस्टेरॉनमध्ये १९ आणि इस्ट्राडायोल या इस्ट्रोजेनमध्ये १८. म्हणजे बाईच्या अंडाशयातही आधी पुरुषी म्हणतात तसली हार्मोन्स तयार होतात आणि त्यांचंच पुढे इस्ट्रोजेन होतं, पुरुषातही थोडं टेस्टोस्टेरॉन असंच बदलतं आणि हाडं मजबूत राहायला त्याला ते लागतंच. त्यामुळे "पुरुषी हार्मोन", "बायकी हार्मोन" हे शब्द मला पटत नाहीत, फरक प्रमाणाचा आहे.

ही रसायनं चरबीत विरघळतात म्हणून पेशीच्या पातळ आवरणातून सरळ आत जातात, आतल्या ग्राहीला (म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात, ती जोडी डीएनएवर जाऊन बसते आणि काही जनुकं चालू होतात, काही बंद. नवीन प्रथिनं बनायला वेळ लागतो, म्हणून परिणाम दिसायला तास, कधी दिवस जातात. ॲड्रिनलिन काही सेकंदांत छाती धडधडवतं, कारण ते स्टिरॉइड नाही, पेशीच्या बाहेरूनच काम करतं. पंपातलं औषध कॉर्टिसॉल या शरीरातल्याच स्टिरॉइड हार्मोनच्या जातीचं, श्वासनलिकेची सूज उतरवणारं, मायक्रोग्रॅममध्ये, आणि जास्त करून फुप्फुसातच काम करणारं. रोज घ्यायला सांगतात ते याच संथपणामुळे. (पंपानंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात बुरशी येऊ शकते.)

जिमवाल्यांचं ते ॲनाबॉलिक, म्हणजे स्नायू वाढवणारं, टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं. बाहेरून एवढं आल्यावर मेंदूला वाटतं पुरेसं आहे, मग मेंदूखालची पियुषिका ग्रंथी वृषणांना आदेश देणं थांबवते, वृषण आक्रसतात, शुक्राणू घटतात. विशीतली पोरं कुणालाही न विचारता हे टोचून घेतात याचं फार वाईट वाटतं. उलट बाजूने, कॉर्टिसॉलच्या जातीच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर कॉर्टिसॉल बनवणारी अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी सुस्तावते, म्हणून त्या एकदम सोडायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू उतरवतात.

प्रश्न: विकर म्हणजे पण संप्रेरकच ना? शाळेत दोन्ही शब्द होते.

उत्तर: नाही नाही, विकर म्हणजे एन्झाइम. वर जी छाटाछाटी सांगितली ती करतात ती विकरं, आणि त्यातून तयार होऊन निरोप घेऊन निघतं ते संप्रेरक. टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्राडायोल करणारं अरोमाटेज हे विकर.

प्रश्न: आणि लिहायचं कसं, हार्मोन की हार्मोन्स?

उत्तर: एक असेल तर हार्मोन, अनेक असतील तर हार्मोन्स, बोलण्यात सगळे असंच म्हणतात. "हार्मोन्से" कृपया नको. संप्रेरक नपुंसकलिंगी, ते संप्रेरक, ती संप्रेरकं. इस्ट्रोजेन तर मुळात एकाचं नाव नाहीच, इस्ट्राडायोल, इस्ट्रोन आणि इस्ट्रिऑल अशा गटाचं आहे, तेव्हा रिपोर्टवर यातलं कोणतं लिहिलंय ते बघूनच बोलावं.