खलनायकाचा जीव त्याच्याच राक्षसाने घ्यावा का?

रातकिडा
भयपटातला खलनायक आपल्याच ताब्यातल्या राक्षसाच्या हातून मेला की प्रेक्षक खूश होतात. मला मात्र ही बहुतेक वेळा पटकथेची पळवाट वाटते. 'मर्डर्स इन द रू मॉर्ग' (१९३२) घ्या. १८४५चं पॅरिस. डॉ. मिरॅकल (बेला लुगोसी) जत्रेच्या तंबूत एरिक नावाचा वानर दाखवतो आणि रात्री बायकांना पळवून त्यांच्या शरीरात वानराचं रक्त टोचतो. रस्त्यावरून उचललेल्या एका वेश्येला तो लाकडी तुळयांना बांधतो. ती किंचाळत मरते आणि प्रेत खालच्या झडपेतून थेट नदीत जातं. तो प्रसंग आजही बघवत नाही. मग शेवटी होतं काय? पोलीस दारावर आलेले असतात, एरिक उलटतो आणि मिरॅकलचा गळा आवळतो. त्या बाईच्या मरणाचा जाब त्याला विचारला कुणी? एरिकला ती आठवतही नसेल, त्याला नायिका कॅमील हवी आहे.

चौथी रांग
अजिबात पटलं नाही. सुरुवातीचा तंबूतला प्रसंग आठवा. एरिकची भाषा आपल्याला कळते असं सांगत मिरॅकल त्याचं 'बोलणं' जमलेल्या लोकांना समजावून सांगतो. त्याचा सगळा रुबाब त्या एका दाव्यावर उभा आहे. एरिकच्या मनात काय आहे हे त्याला कधीच कळलं नव्हतं, हे मरताना उघडं पडतं. ते पोलिसांच्या गोळीने झालं असतं का?

मीठभाकर
आपल्याकडे भस्मासुर आहेच की. हात दिला आणि डोक्यावर बसला.

रातकिडा
मीठभाकर, भस्मासुराच्या गोष्टीत वर देणारा शंकर वाचतो आणि मोहिनीमुळे मरतो तो भस्मासुर. इथे बरोबर उलट घडतं.

जुनी रिळं
मला यात सोय दिसते. खलनायक मेला पाहिजे आणि नायकाचे हातही स्वच्छ राहिले पाहिजेत. नायक दुपँ गोळी झाडतो ती वानरावर, माणसावर नाही. सेन्सॉरची भीती, दुसरं काय!

चौथी रांग
पडद्यावर काय दाखवायचं याची हॉलिवूडची ती आचारसंहिता १९३०मध्ये लिहिली गेली हे खरं, पण ती कडकपणे लागू झाली १९३४मध्ये. त्या आधीच्या चित्रपटांनी वाटेल ते दाखवलंय. तुम्ही लोक ज्या प्रसंगाने हादरलात तोच बघा ना.

रातकिडा
तंबूतल्या दाव्याचा मुद्दा मान्य, तो चांगलाच आहे. पण त्याने मिरॅकलचा गर्व उतरतो, त्या बाईचा हिशेब चुकता होत नाही. हा शेवट खरा कुठे लागू पडतो तर त्याच वर्षीच्या 'आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स'मध्ये. डॉ. मोरो (चार्ल्स लॉटन) प्राण्यांना चिरून माणसं घडवतो आणि त्यांना कायदा घालून देतो: चार पायांवर चालायचं नाही, मांस खायचं नाही, रक्त सांडायचं नाही. मग स्वतःवर वेळ आल्यावर त्यांच्यातल्याच ऊरानला जहाजाच्या कप्तानाला मारायला पाठवतो. त्या जीवांना दोन गोष्टी एकदम कळतात. कायदा ज्याने केला त्यानेच तो मोडला आणि माणूस मरू शकतो, म्हणजे मोरोही मरू शकतो. मग ते त्याला वेदनाघरात, म्हणजे त्याच्याच चिरफाडीच्या खोलीत ओढत नेतात, काचेचं कपाट फोडतात आणि ज्या हत्यारांनी स्वतः चिरले गेले तीच उचलतात. मारणारे तेच, भोगलेलेही तेच. एरिककडे यातलं काय आहे?

मीठभाकर
हा चित्रपट ज्यावर बेतलाय त्या एच. जी. वेल्सच्या १८९६च्या कादंबरीत मोरोला ज्या प्यूमावर तो प्रयोग करत असतो तीच मारते. तिथेही भोगणाराच मारतो.

रातकिडा
हो, पण तिथे एकटी प्यूमा सुटते आणि झटापट होते. चित्रपटात सगळे मिळून ठरवतात. माझ्या मते चित्रपट इथे कादंबरीच्या पुढे गेलाय.

जुनी रिळं
आणि पुढे? नायक-नायिका होडीत बसून निघून जातात, बेट मागे जळत असतं. मोरोनेच प्राण्यापासून घडवलेली लोटा ऊरानशी झुंजताना मरते. ज्यांनी न्याय मिळवला त्यांच्या वाट्याला आग आली आणि तुम्ही त्याला हिशेब म्हणताय. मोरो मेला याचं समाधान आपल्याला, प्रेक्षकांना. त्या जीवांना काय मिळालं?

रातकिडा
सुटका मिळाली नाही, हे खरं. पण मोरोला काय शिक्षा द्यायची हे त्यांनी ठरवलं, नायकाने नाही. रू मॉर्गमधल्या त्या बाईला तेवढंही मिळालं नाही.