मदत हवी आहे: वजनाच्या ऑपरेशननंतर एसजीपीटी कमी व्हायच्या ऐवजी वाढला

सरीवर_सरी
नमस्कार, जरा लवकर उत्तर द्या प्लीज. दादाचं वजनाचं ऑपरेशन झालं, ते मुख्यतः लिव्हरसाठीच केलं होतं. सगळे म्हणाले होते ऑपरेशननंतर फॅटी लिव्हर जातं, आणि काल रिपोर्ट आला तर एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतला आकडा) आधीपेक्षा जास्त! वजन तर उतरतंय, मग हे उलटं कसं? सर्जनची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तोवर थांबायचं का? वहिनी रडकुंडीला आलीये आणि दादा म्हणतो काही होत नाही. कोणाला असा अनुभव आहे का?

पिंपळपान
आकडे द्या हो. किती होता, किती झाला? ऑपरेशन होऊन किती दिवस? ऑपरेशन कोणतं, स्लीव्ह की बायपास? काहीच लिहिलं नाहीये तर सांगणार काय.

टेकडीवाला
माझी 2019 ला स्लीव्ह झाली. दीड महिन्यानी माझाही एसजीपीटी वाढलेला, सहाव्या महिन्यात नॉर्मल. वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा अंगातली चरबी सुटून रक्तातून लिव्हरकडे जाते, त्यामुळे लिव्हरवर काही दिवस ताण येतो. घाबरू नका. रोज चालायला लावा, मी चालून चालूनच बरा झालो.

मनमोकळा
मी तर ऐकलंय की या ऑपरेशननी लिव्हर फेल होतं. आमच्या ओळखीतल्या एका वयस्कर डॉक्टरांनीच सांगितलेलं, म्हणून मी अजून केलं नाही.

पिंपळपान
मनमोकळा, ते जुन्या ऑपरेशनबद्दल असणार. 1960-70 च्या काळात लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळून टाकणारा एक बायपास करायचे, त्यात खरंच काहींचं लिव्हर निकामी झालं आणि म्हणूनच ते बंद पडलं. आजची स्लीव्ह म्हणजे जठराचा मोठा भाग काढून नळी ठेवतात, आतड्याला हात लागत नाही. धागाकर्तीला उगाच घाबरवू नका.

सरीवर_सरी
सॉरी, घाईत लिहिलं. स्लीव्ह झालीये, 9 आठवडे झाले. एसजीपीटी आधी 62, आता 104. वजन 131 होतं, आता 112. वय 43. बाकी रिपोर्ट नॉर्मल आहे बहुतेक.

निळावंती
बहुतेक म्हणजे काय? बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), प्लेटलेट हे चार नीट बघून लिहा. लिव्हर किती काम करतंय ते त्यातून कळतं, एसजीपीटी फक्त पेशींना इजा होतेय एवढंच सांगतो. टेकडीवाला, तुमचा अनुभव खरा आहे पण तो तुमचा आहे, रिपोर्ट न बघता घाबरू नका म्हणणं मला पटत नाही. माझ्या आईच्या बाबतीत सगळे असंच म्हणत राहिले आणि सिरोसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झाल्यावर कळलं.

टेकडीवाला
ताई, धीर देण्यात काय चुकलं? माणूस आधीच घाबरलेला असतो.

दवबिंदू
एवढी चर्चा कशाला, लिव्हरसाठी झाडपाल्याचा काढा चालू करा. माझ्या काकांचं फॅटी लिव्हर त्यानी दोन महिन्यात साफ झालं. साइड इफेक्ट शून्य. हवं तर व्यनि करा, नाव सांगते.

निळावंती
दवबिंदू, कृपा करून नको. एसजीपीटी वाढलेला असताना काय आहे ते माहीत नसलेलं औषध पोटात घालायचं? झाडपाला म्हणजे निरुपद्रवी असं नसतं, हर्बल गोष्टींनी लिव्हरला सूज येते हे लिव्हरचे डॉक्टर रोज बघतात. आणि सरीवर_सरी, यावरून आठवलं, दादा सध्या काय काय घेतात? गोळ्या, पावडरी, व्हिटॅमिन, पेनकिलर, दारू, सगळं विचारा. त्यांना आठवत नसेल तर वहिनींना विचारा.

वाटसरू_२२
मुळात ऑपरेशन का केलं हेच कळत नाही. आता वजन उतरवणारं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन आहे, अमेरिकेत ऑगस्ट 2025 मध्ये फॅटी लिव्हरच्या सुजेसाठी मंजूरसुद्धा झालं. त्याआधी मार्च 2024 मध्ये रेस्मेटिरोमची गोळी आली. कापाकापी टाळता आली असती.

पिंपळपान
ऑपरेशन होऊन 9 आठवडे झालेत, आता ते टाळणार कसं? आणि ती दोन्ही औषधं मध्यम ते जास्त फायब्रोसिस (लिव्हरमध्ये पडलेले व्रण) असलेल्यांसाठी आहेत, सिरोसिस झालेल्यांसाठी नाहीत. प्रश्न हा नाहीये.

सरीवर_सरी
बिलिरुबिन 0.8, अल्ब्युमिन 4.1, आयएनआर 1.0, प्लेटलेट 2 लाख 35 हजार. दारू बंद आहे ऑपरेशनच्या आधीपासून. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली मल्टीव्हिटॅमिन, बी12, आणि गेले तीन आठवडे कसल्या तरी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतोय, वजन अजून जोरात उतरावं म्हणून!! मला माहीतच नव्हतं. डॉक्टरांना पण सांगितलं नाहीये त्यानी. उलट्या पण होतात म्हणे, आठवड्यातून दोन-तीनदा.

निळावंती
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं हो. सर्जनला आजच फोन करून त्या कॅप्सूल आणि उलट्या दोन्ही सांगा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका. ग्रीन टी पिणं वेगळं, त्याच्या अर्काच्या दाट कॅप्सूलनी लिव्हरला इजा झाल्याचं नोंदलेलं आहे. त्यामुळेच एसजीपीटी वाढला असं मी म्हणणार नाही, टेकडीवाला म्हणतात तसं भराभर वजन उतरल्यानीही असेल, पण ती कॅप्सूल बंद झाल्याशिवाय कळणार नाही. उलट्या चालू राहिल्या तर बी1 कमी पडतं आणि त्याचा मेंदूवर परिणाम होतो, ते अंगावर काढू नका. उजव्या बरगडीखाली दुखतं का तेही विचारा, वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात.

आणि काविळीसारखे डोळे, गुंगी, पोटात पाणी, यातलं काहीही दिसलं तर सरळ इमर्जन्सी. तुमचे चारही आकडे चांगले आहेत, त्यामुळे आज रात्री झोपा.

टेकडीवाला
निळावंती, हे मान्य. कॅप्सूलचं मला सुचलंच नसतं.

सरीवर_सरी
फोन केला. कॅप्सूल आजपासून बंद, उद्या सोनोग्राफी, उलटीची गोळी आणि बी1 चालू केलं, तीन आठवड्यांनी परत टेस्ट. पण मला एक सांगा, मुळात ऑपरेशननी लिव्हर सुधारतं हे खरं आहे का नुसतं सांगायचं असतं? बायोप्सी घेतली होती तेव्हा, सूज आणि फायब्रोसिस स्टेज 2.

निळावंती
खरं आहे, आणि बायोप्सी करून तपासलेलं आहे. इटलीत 288 जणांचा अभ्यास झाला, 2023 ला लॅन्सेटमध्ये आला. एका वर्षानी सूज पूर्ण गेलेले आणि फायब्रोसिस न वाढलेले, आहार-व्यायामवाल्या गटात 16 टक्के, बायपासमध्ये 56 आणि स्लीव्हमध्ये 57. फ्रान्समध्ये लील इथल्या रुग्णांची पाच वर्षांनी बायोप्सी केली तेव्हा 84 टक्के लोकांची सूज गेलेली होती. पण बघा, एक वर्ष, पाच वर्षं. चरबी पहिल्या काही महिन्यात उतरते, सूज त्यामागून, आणि फायब्रोसिसचा व्रण सगळ्यात सावकाश. 9 आठवड्यांच्या एका एसजीपीटीवरून ऑपरेशन फसलं असं ठरवता येत नाही. दादांचं वजन आत्ताच 14 टक्क्यांच्या वर उतरलंय. 10 टक्क्यांपुढे फायब्रोसिस मागे फिरायची शक्यता वाढते, म्हणून कॅप्सूल घेऊन घाई करायची गरजच नाही.

मनमोकळा
मग मी पण करावं का ऑपरेशन? माझं ग्रेड 1 फॅटी लिव्हर आहे.

सरीवर_सरी
अपडेट, तीन आठवडे झाले. एसजीपीटी 58. सोनोग्राफीत खडे नाहीत, उलट्या बऱ्याच कमी. सहाव्या महिन्यात फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघायची तपासणी) करू म्हणाले, त्या दिवशी तीन तास उपाशी यायचं. दादाला निळावंतीताईंची पोस्ट वाचून दाखवली, काही बोलला नाही, पण उरलेल्या कॅप्सूल त्यानीच टाकून दिल्या.

पिंपळपान
वा! मनमोकळा, तुम्ही वेगळा धागा काढा. नुसत्या सोनोग्राफीच्या ग्रेडवरून फायब्रोसिस कळत नाही. उंची, वजन, वय, साखर, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि चालू असलेली सगळी औषधं लिहा, बघू.