रात्री फोन खोलीबाहेर ठेवायचाय, पण आई-बाबांचा कॉल चुकला तर?

निशाचर
बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते. रात्री अकराला दिवा मालवते आणि साडेबाराला कुणातरी अनोळखी माणसाने जुनं कपाट घासून रंगवल्याचा सातवा भाग बघत असते. मला ना कपाट रंगवायचंय, ना घासायचंय. सकाळी डोळे चुरचुरतात आणि समोर येईल त्याच्यावर राग निघतो.

'फोन बाहेरच्या खोलीत ठेवा' हे मलाही कळतं, तेवढं सोडून बोला. आई-बाबा दुसऱ्या गावी दोघंच असतात, दोघंही सत्तरीपुढचे. रात्री काही झालं आणि मला ऐकूच आलं नाही तर? शिवाय ग्रुप आहेत. नातेवाइकांचा, शाळेतल्या मैत्रिणींचा, ऑफिसचा. उत्तर द्यायला उशीर झाला की 'निळी खूण दिसली हो आम्हाला' ऐकावं लागतं. एखादं अ‍ॅप असेल तर तेही सुचवा.

टेकू
आई-बाबांचं काम दहा मिनिटांचं आहे. डू नॉट डिस्टर्ब लावायचं आणि त्यातून त्या दोघांना सूट द्यायची. अँड्रॉइडवर त्यांचे नंबर तारांकित करा आणि 'फक्त तारांकित' लोकांचे कॉल येऊ द्या. आयफोनवर त्यांच्या कॉन्टॅक्टमध्ये रिंगटोनच्या आत 'इमर्जन्सी बायपास' आहे, तो चालू करा. शेजाऱ्यांचा नंबरही घाला. वेळ आलीच तर बहुतेक तेच फोन करतील.

दुसरा पर्याय 'रिपीट कॉल्स'. तोच माणूस लागोपाठ दुसऱ्यांदा फोन करत असेल तर घंटी वाजते. आयफोनवर दुसरा कॉल ३ मिनिटांच्या आत यावा लागतो, अँड्रॉइडवर १५ मिनिटांच्या.

मेख अशी की घरची मंडळी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरून करतात. तो कॉल या सुटीत बसेलच यावर विसंबू नका. रात्री काही लागलं तर साधा कॉल करा, हे त्यांना बजावून सांगा. आणि आज रात्रीच त्यांना करायला लावून बघा. सेटिंग लावलंय एवढ्यावर झोपू नका.

मग आवाज पूर्ण मोठा करून फोन खुशाल बाहेर ठेवा.

अवांतरवाला
टेकूशी सहमत. अ‍ॅप मात्र नको. फोन आवरायला फोनमध्येच अ‍ॅप टाकायचं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मी स्क्रीन टाइमची मर्यादा लावून पाहिली. वेळ संपली की एक पाटी येते आणि तिच्याखालीच 'आजच्यापुरतं दुर्लक्ष करा' असतं. दोन महिन्यांत माझा अंगठा ती पाटी न वाचता तिथे जायला शिकला.

अवांतर: पान कधी संपतच नाही, ही करामत २००६ साली आझा रास्किन या डिझायनरने केली. त्याने पुढे जाहीरपणे पश्चात्तापही व्यक्त केला. पुस्तकाचं प्रकरण संपलं की माणूस घड्याळ बघतो, इथे प्रकरणच संपत नाही. तेव्हा निशाचर, सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका.

पिवळापडदा
नाइट मोड लावा. निळा प्रकाश गेला की झोप येते. मी तीन वर्षं वापरतोय.

साधी_सरळ
पिवळापडदा, तुम्हाला गुण आला असेल तर चांगलंच आहे, पण त्यावर फार भिस्त नको. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ जणांना झोपेआधी चार-चार तास काही रात्री आयपॅडवर आणि काही रात्री कागदी पुस्तक वाचायला दिलं होतं. आयपॅडच्या रात्री झोप लागायला साधारण १० मिनिटं जास्त लागली. चार तासांच्या उजेडाला १० मिनिटं! निशाचरताईंचे दीड तास कपाटाने खाल्लेत, उजेडाने नव्हे. पडदा पिवळा करून तेच भाग बघितले तर आठवाही पिवळ्या रंगात बघून होईल.

माझा अनुभव सांगते. मी साधं गजराचं घड्याळ आणलं, कारण 'गजरासाठी लागतो' या सबबीखाली फोन परत खोलीत शिरायचा. पहिल्या रात्री त्याच्या टिकटिकीने झोप लागेना. टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलं, तर सकाळी गजर ऐकू आला नाही. शेवटी सरकत्या काट्याचं, आवाज न करणारं घेतलं. घेताना कानाशी लावून बघा, लोक हसले तरी.

आणि पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर तळमळत राहू नका. उठून दुसऱ्या खोलीत काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, ही शरीराची समजूत मोडायची असते. आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने चाललं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. निद्रानाशावर गोळीआधी वर्तनोपचार असतात, त्याबद्दल आवर्जून विचारा.

जुनी_वही
सगळे सेटिंग सांगताहेत म्हणून एक वेगळं विचारते. निशाचर, गेल्या वर्षभरात रात्री अकरानंतर आई-बाबांचा फोन किती वेळा आला?

निशाचर
एकदाही नाही.

लिहिताना जरा लाजच वाटली. खरं सांगायचं तर दिवसभर कुणाकुणाला 'नंतर बोलते' म्हणून टाळलेलं असतं. रात्री ते सगळे ग्रुप उघडते, उत्तर द्यायचं जिवावर येतं आणि मग कपाटवाल्याकडे जाते. तो निदान माझ्याकडून काही मागत नाही.

जुनी_वही
मला वाटलंच होतं. माझंही असंच होतं, माझा मात्र मांजरवाला होता.

उत्तरांचं काम संध्याकाळी उरका. चहा ठेवल्यावर किंवा चालताना, ठरावीक अर्धा तास. लांबलचक लिहायची गरज नसते. 'वाचलं गं, उद्या फोन करते' एवढं पुरतं, पण मग उद्या खरंच करायचा. निळ्या खुणा बंद करता येतात, मात्र मग इतरांच्याही आपल्याला दिसत नाहीत आणि ग्रुपमध्ये त्या दिसतच राहतात. त्यामुळे नातेवाइकांपुढे ही युक्ती चालणार नाही. त्यांना मी सरळ लिहिलं, 'रात्री दहानंतर मी फोन बघत नाही. तातडीचं असेल तर कॉल करा.' दोन काकूंनी तोंड वाकडं केलं. एका मामेभावाने मात्र दुसऱ्या दिवशी तेच वाक्य स्वतःच्या नावाने टाकलं.

टेकू
पुरवणी: गोंगाटाचे ग्रुप म्यूट करून अर्काइव्ह करा. २०२१पासून नवा मेसेज आला तरी ते वर उसळत नाहीत. ज्यातून निघायचंच आहे त्यातून गुपचूप निघता येतं, सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. मात्र कोण कोण निघालं याची यादी ६० दिवस सगळ्यांना बघता येते. नातेवाइकांच्या ग्रुपात ती यादी नेमकी कोण उघडतं हे ज्याच्या त्याला माहीत.

अवांतरवाला
आमच्याकडे आत्या.

निशाचर
तीन आठवड्यांनी हजेरी लावतेय.

फोन आता चपलांच्या कपाटावर असतो. (हो, कपाटच.) चार्जरही तिथेच खोचून ठेवलाय, कारण पहिले दोन दिवस 'चार्जिंग बघून येते' म्हणत मीच तीनदा उठले. आवाज न करणारं घड्याळ आणलं, दुकानात कानाशी लावूनच. रोज अकराला झोपते असं नाही, पण कपाटवाल्याचा नववा भाग अजून बघितलेला नाही. आठवा बघितला, तो शनिवारी दुपारी.

आईबरोबर चाचणी घेतली. तिने आधी सवयीने व्हॉट्सअ‍ॅपवरून केला, तो वाजला नाही. मग साधा केला, तो असा वाजला की शेजारच्यांनी दार उघडलं. टेकू, आभार.

आणि परवा पहाटे साडेपाचला फोन वाजला. स्क्रीनवर 'बाबा'. अनवाणी धावत गेले, हातपाय गार. पलीकडे नुसती खसखस आणि पावलांचा आवाज. बाबा फिरायला निघाले होते आणि खिशातल्या फोनने आपण होऊन मला कॉल लावला होता. मी 'बाबा, बाबा' ओरडतेय आणि ते कुणालातरी गुडघ्याच्या व्यायामाबद्दल सांगताहेत. शेवटी त्यांना ऐकू आलं. 'अगं तू एवढ्या लवकर उठलीस?' म्हणाले. मग वीस मिनिटं बोलत बसलो. खूप दिवसांनी.

आता त्यांच्या फोनला लॉक लावायला शिकवायचंय, तेही फोनवरूनच. त्यासाठी वेगळा धागा काढू की इथेच विचारू?

टेकू
इथेच विचारा. फोन कोणता आहे त्यांचा?