विषय: नागपूर, काटोल आणि नरखेड येथील कार्यालयांचे फोन

नमस्कार मंडळी,

माझ्या थोरल्या भावाचे नागपुरात कळमना बाजाराजवळ संत्र्यांच्या अडतीचे कार्यालय असून काटोल आणि नरखेड येथे दोन लहान शाखा आहेत. गाडी निघाली का, माल किती चढला, एवढे विचारायलाही हंगामात तिघाचौघांचे मोबाइल फिरवावे लागतात, कारण आलेला फोन दुसऱ्या टेबलावर देण्याची सोय नाही. ही कार्यालये इंटरनेटवरून थोडक्या खर्चात जोडता येतील का?

आपला,
काटोलचा एक सभासद

---

सस्नेह नमस्कार,

मी परदेशातून नागपुरात परतलो तरी आपल्या मंडळाच्या या ईमेल यादीतून नाव काढलेले नाही, त्यामुळे उत्तर देण्याचा हक्क सांगतो. ॲस्टरिस्क हे एक्सचेंजचे, म्हणजे कार्यालयांतले फोन एकमेकांना जोडून देण्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि दहा-बारा फोनांसाठी जुना संगणकही पुरतो. तो नागपुरात ठेवावा आणि स्थिर सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, फक्त तेथेच घ्यावा. शाखांमधले फोन स्वतःहून नागपूरशी संपर्क साधत असल्याने तेथे त्या पत्त्याचे पैसे भरण्याची गरज नाही.

खरी अडचण शाखेच्या लाइनची असते. जी.७२९ या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबून लहान करण्याच्या पद्धतीत, आवाजाला सेकंदाला ८ किलोबिट पुरतात, पण आवाज तुकड्या-तुकड्यांनी, पॅकेटमधून जातो आणि २० मिलिसेकंदांच्या प्रत्येक पॅकेटमध्ये आवाजाचे २० बाइट आणि पत्त्यांचे ४० बाइट असतात, म्हणजे पत्रापेक्षा पाकीटच जड होते आणि प्रत्यक्षात प्रत्येक दिशेने २४ किलोबिट लागतात. आवाज फारसा न दाबणाऱ्या जी.७११ या कोडेकमध्ये हाच आकडा ८० आहे. दोन्ही आकडे आजच्या लाइनला किरकोळ वाटतील. परंतु त्याच लाइनवरून सीसीटीव्हीचे चित्रण बाहेर जात असेल, तर अपलोड तुंबतो, पॅकेट उशिरा पोहोचतात आणि समोरच्याचे शब्द तुटू लागतात. अशा वेळी महागडे फोन घेऊन काहीही साधत नाही. राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य द्यावे, तेवढ्याने भागले नाही तर दुसरी लाइन घ्यावी. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने आधी फोन बदलले आणि नंतर लाइन बदलली, तेव्हा कुठे त्याला व्यापाऱ्याचा भाव नीट ऐकू आला.

एकाच बाजूचा आवाज ऐकू येत असेल, तर दोष बहुधा नॅटचा, म्हणजे आतले पत्ते बाहेर जाताना बदलण्याच्या राउटरच्या कामाचा असतो आणि राउटरमधील एसआयपी एएलजी (फोन जोडणाऱ्या एसआयपी संदेशांत फेरफार करणारी सोय) बंद केल्याने तो अनेकदा जातो. त्याहून बरे म्हणजे तिन्ही ठिकाणे वायरगार्डसारख्या व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी बंद वाटेने जोडावीत. ५०६० हा एसआयपीचा पोर्ट, म्हणजे एक्सचेंजचे दार, इंटरनेटवर उघडा ठेवल्यास पासवर्ड ताडून पाहणारे फार काळ वाट पाहत नाहीत.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. हे फोन आपसांतच ठेवावेत. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल नागपुरातील सार्वजनिक लाइनवर परवान्याविना उतरवणे बेकायदेशीर आहे, त्यामुळे भावाच्या एक्सचेंजमधून नातेवाइकांना फोन लावण्याचा विचार मनात असल्यास तो सोडावा.

आता दोन गोष्टी विचारून कळवा: काटोलच्या लाइनवर कॅमेरे किती आहेत, आणि वीज गेल्यावर तेथील राउटर चालू राहतो का?

आपला,
मंडळाचा माजी खजिनदार

---

आदरणीय काका,

भावाला विचारले. कॅमेरे चार आहेत आणि चारही कॅमेऱ्यांचे चित्रण दिवसभर बाहेर जाते. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखा आणि दिवा जोडलेला आहे, राउटर नाही. तो उद्याच जोडायला सांगितला आहे.