केमोनंतर आई विसरते, कलौंजीचं तेल देऊ का?

बार्देसकर:
नमस्कार मंडळी. आईची केमो मार्चात संपली, ती लालभडक डॉक्सोरुबिसिनवाली. तेव्हापासून बारीकसारीक विसरते, परवा सोलकढीत दोनदा मीठ घातलं, तिला हसू आलं पण मला काही हसवेना. मावशी म्हणते कलौंजीचं तेल रोज चमचाभर दे, डोक्याला चांगलं. नेटवर बघितलं तर खरंच पेपर आहेत, औषधाने रॅटच्या मेंदूला झालेली इजा तेलाने कमी झाली म्हणून. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून बाटली आणलीय, लेबल नाही, वास उग्र. देऊ ना?

औषधवाला फोंडा:
थांब मरे. पेपर खोटे नाहीत. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के पण ऑक्सिजन खातो २० टक्के, वर चरबीने भरलेला, म्हणून ऑक्सिडेशनचा मार तिथे लवकर बसतो. डॉक्सोरुबिसिन स्वतः मेंदूत फारसं शिरत नाही, पण रक्तात टीएनएफ (सूज वाढवणारं प्रथिन) वाढवतं आणि तो आत जाऊन गोंधळ घालतो. कलौंजीतलं थायमोक्विनोन हा मार कमी करतं, रॅटमध्ये ग्लुटाथायोन, म्हणजे पेशींना या मारापासून वाचवणारं द्रव्य, टिकतं वगैरे. पण तेल देतात कधी ते बघ, बहुतेक प्रयोगांत औषधाच्या आधीपासून नाहीतर बरोबर. आईचं तर औषध संपलंय. आणि डोस, समज रॅटला किलोमागे २ मिली, माणसासाठी ६.२ ने भागलं तरी ६० किलोच्या बाईला १९ मिली होतात, चमचाभर कुठे? आता गोळी कुठली चालू आहे?

शिरोड्याची सून:
ती बाटली कलौंजीचीच आहे का ते आधी बघा हो, काळं जिरं म्हणून दुकानदार काहीही देतात. मी सासऱ्यांसाठी जवसाचं तेल आणलेलं, त्यात अर्ध्याहून जास्त ओमेगा-३ म्हणून ते लवकर बिघडतं हे मला कुठे माहीत, पावसाळ्यात ओट्यावरच राहिलं आणि ऑइलपेंटसारखा वास मारायला लागलं. फ्रीजमध्ये ठेवायचं असतं, फोडणीला तर नाहीच. आम्ही आता भिरंडेल (कोकमाचं तेल) तेवढं ठेवतो, तेही टाचांना.

बार्देसकर:
टॅमॉक्सिफेन २०, रोज एक.

औषधवाला फोंडा:
मग अजिबात नको!! टॅमॉक्सिफेनचं लिव्हरमध्ये एन्डॉक्सिफेन होतं तेव्हा ते नीट लागू पडतं, आणि ते करणारं एन्झाइम सीवायपी२डी६ कलौंजी दाबते, हे माणसांवर खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन देऊन तपासलंय, रॅटवर नव्हे. म्हणजे विसरण्यावर उपाय करायला जाशील आणि कॅन्सरची गोळीच पातळ करशील. विसरते हे तिच्या ऑन्कॉलॉजिस्टला सांग, लाजू नको, बी१२, थायरॉइड, झोप हे बघतील. आणि संध्याकाळी चालायला ने तिला.

बार्देसकर:
बाटली मावशीला दिली, ती केसांना लावणार म्हणे. पुढच्या मंगळवारी डॉक्टरकडे जातोय. आई विचारते, सोलकढीतलं मीठपण इंटरनेटवर टाकलंस?