फोन आहेच, मग पिशवीत आणखी काय? (अनुभव धागा, पावसाच्या तोंडावर)

फोनमध्ये कॅमेरा आहे, विजेरी आहे, नकाशा आहे, पुस्तकंही आहेत. तरी पिशवीत टॅब, रीडर, जीपीएस, रेडिओ, पॉवर बँक भरलेली असतेच. कोकणातली खारी हवा, जाणारी वीज आणि घाटात गायब होणारी रेंज धरून सांगा, कुठली वस्तू खरंच दुहेरी हवी आणि कुठलं नुसतं ओझं. मॉडेलांची नावं नकोत, ती दरवर्षी बदलतात. आकडे आणि अडचणी लिहा.

हर्णे, होडीवरून

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. रेंज गेली तरी फोनला आपण कुठे आहोत ते कळतं. नकाशा तेवढा बंदरातच उतरवून घ्यावा लागतो. तरी होडीवर हातातला वेगळा जीपीएस हवाच, कारण काचेवर खारं पाणी उडालं की टच स्क्रीन भलतीकडेच दाबली जाते आणि ओल्या बोटाला दाद देत नाही. बटणांच्या यंत्राला त्याचं काही नाही. दोन एए सेल बदलले की पुन्हा चालू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सेल काढूनच यंत्र कपाटात ठेवा. आत गळलेला सेल पितळी पट्ट्या खातो आणि ऑगस्टात यंत्र चालूच होत नाही.

व्हीएचएफची (होड्यांनी आपसात बोलायच्या रेडिओ-सेटची) जागा मात्र फोन घेऊ शकत नाही. चॅनल १६ वरची हाक आसपासच्या सगळ्या होड्यांना एकदम जाते; फोन एकालाच लागतो, तोही टॉवर असला तर. रेंजमध्ये असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ आहे, तो साठवून ठेवा.

खेड, रेल्वेने ये-जा

पॉवर बँकेवरचा आकडा फसवा असतो. १०,००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप, म्हणजे ३७ वॅट-तास. घट जाऊन हाती ३० च्या आसपास येतात. ५,००० एमएएचच्या फोनला साधारण १९ लागतात, म्हणजे तो दीड वेळा भरतो, दोनदा नाही. लॅपटॉप नसेल तर एवढी बँक पुरे. असेल तर एमएएच सोडा, वॅट बघा: लॅपटॉप ४५ वॅट मागत असताना बँक १८ च देत असेल तर तो भरायचा सोडाच, काम चालू असताना उतरतच राहतो. केबलही तशीच, साधी ३ अँपिअरची यूएसबी-सी केबल ६० वॅटपर्यंतच नेते. चिपी किंवा मोप्याहून विमान धरणाऱ्यांनी १०० वॅट-तासांची मर्यादा लक्षात ठेवावी (२०,००० ची बँक ७४, चालते), आणि बँक हातातल्या बॅगेतच.

बँक लहान करायचा फुकटचा उपाय म्हणजे फ्लाइट मोड. कोकण रेल्वेवर ९१ बोगदे, त्यात करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. प्रत्येक बोगद्यात फोन जीव तोडून टॉवर शोधतो, बॅटरी तिथेच जाते. गाणी आणि तिकीट आधी उतरवून घ्या.

दापोली

टॅब आणि रीडर दोन्ही घेऊ नका, आधी तुमची पुस्तकं कुठल्या रूपात आहेत ते बघा. ईपब (अक्षर लहान-मोठं करता येणारी फाइल) असतील तर सहा इंची ई-इंक, म्हणजे कागदासारख्या पडद्याचा रीडर: वजन २०० ग्रॅमच्या आसपास, पडवीतल्या उन्हात स्वच्छ दिसतो, एका चार्जवर आठवडे निघतात, कारण पान उलटतानाच वीज लागते (आतला दिवा सोडून). पण मराठीचा बराच साठा स्कॅन केलेल्या पीडीएफचा. ते पान सहा इंचात मावलं तर वेलांट्या-रफार दिसत नाहीत, मोठं केलं तर दर ओळीला सरकवायचं. त्यासाठी दहा इंची टॅबच, आणि मग लॅपटॉप घरी. तिघांना घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

आंबोली, पक्षी बघणारे

झूम लागत नसेल तर कॅमेरा आणूच नका, फोन बरा. इथल्या पावसात लेन्सवर बुरशी धरायला काही आठवडे पुरतात. आणायचाच तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. रंग बदललेलं जेल मंद आचेच्या ओव्हनमध्ये तापवलं की पुन्हा कामाला येतं. एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या, नाहीतर काचेवर दव.

श्रीवर्धन

रेडिओला हसू नका. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ इकडून गेलं तेव्हा वीज गेली, टॉवरही पडले. दोन सेलवरचा छोटा रेडिओ असल्या दिवसांसाठी. फोनमधला एफएम, असलाच तर, वायरच्या इयरफोनशिवाय लागत नाही. वायरच त्याची अँटेना. शिवाय पाकिटात रोकड. *९९# ला (साध्या फोनवरून बँकेतले पैसे पाठवायचा क्रमांक) इंटरनेट लागत नाही खरं, पण टॉवर लागतोच.

मालवण

बाकी काय्येक नसला तरी चलात, पण टॉर्च व्हयीच. फोनचा दिवा पायाजवळच पसरतो आणि हात अडकवून ठेवतो. फुरसं (विषारी साप) वाटेवर पडलेलं असतं, पाचोळ्याच्याच रंगाचं, बाजूला सरकेल याचा भरवसा नाही. डोक्याला लावायची विजेरी घ्या, दोन्ही हात मोकळे. स्मार्टवॉच? पावलं मोजायला ठीक.

गुहागर

धोपाव्याच्या फेरीबोटीत फोन भिजला तर? आयपी६८ (पाणी-धूळ आत न जाण्याचा दर्जा) लिहिलंय, मग भीती कशाची?

हर्णे, होडीवरून

दादा, ती चाचणी गोड्या पाण्यातली. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या पोर्टला चार्जर लावलात तर विजेमुळे पिना गंजतात, हिरवट थर दिसतो. आधी फोन बंद, मग गोड्या पाण्याने हलकेच धुवा, पोर्ट खाली करून झटका आणि काही तास पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. तांदळात घालू नका, पीठ पोर्टमध्ये बसतं. चार्जिंगची घाई असेल आणि फोनला वायरलेस सोय असेल, तर मागची बाजू कोरडी करून तसा लावा.