कोलियसची पानं काढ्यात घालायची का?

ताई, तुम्ही विचारलंय की कोलियस आणि पानओवा एकाच घराण्यातले, मग कोलियसची पानंही खोकल्याच्या काढ्यात चालतील का. घराणं एकच आहे हे खरं, दोन्ही तुळशीच्या कुळातले, दांडी बोटात फिरवून बघा, चौकोनी लागते. पण कुंडीतला लाल-जांभळा कोलियस फक्त बघायचा, काढ्यात घालू नका. पानओव्याचं पान जाड, लवदार, चुरगळलं की ओव्याचा वास येतो, त्याची भजी पण भारी होतात. तिसरा भाऊबंद माईनमूळ, ज्याच्या मुळांचं लोणचं घालतात, त्याच मुळात फोर्सकोलिन नावाचं द्रव्य असतं, त्याने रक्तदाब कमी होतो, म्हणून बीपीची गोळी चालू असेल तर त्याच्या कॅप्सूल डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नका.

आणि क्रोटन, म्हणजे ते रंगीत पानांचं शोभेचं झुडूप, त्याचंही कुणीतरी विचारलंय, ते तर एरंडाच्या कुळातलं, जमालगोट्याचं नातलग, चीक अंगाला लागला की खाज सुटते, छाटताना हातमोजे घाला बस्स.

बाकी आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की कोलियस दुपारी मान टाकतो, कडा करपतात आणि रंग उडतो, त्याला हिरव्या नेटखाली नायतर पूर्वेच्या गॅलरीत ठेवा, तुरे आले की खुडा आणि शेंडे पाण्याच्या ग्लासात ठेवले की आठ-दहा दिवसात मुळं धरतात. पानओवा मात्र चिवट, पाणी चार दिवसाआड आलं तरी त्याचं काही अडत नाही.